लासूर स्टेशनची आडत: चोपडी ते संगणक

मराठवाड्याच्या या भागात लासूर नावाची गावे दोन. दाक्षायणी देवीचे जुने लासूरगाव वैजापूर तालुक्यात, शिवना नदीकाठी. लासूर स्टेशन गंगापूर तालुक्यात. दुसरे वाढले ते रुळांमुळे. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग 1900च्या सुमारास सुरू झाला आणि स्टेशनाभोवती बाजार भरू लागला. आज हे गाव कांदा, कापूस आणि धान्याच्या बाजारासाठी ओळखले जाते.

निजामी राजवटीत या मार्गावरच्या व्यापाऱ्याला हिशेब दोन नाण्यांत ठेवावा लागे. मनमाड ब्रिटिश हद्दीत, तिथे कलदार रुपया. हद्दीच्या अलीकडे, निजामी मुलखात, हाली सिक्का. सात हालींना साधारण सहा कलदार असा दर. हद्दीवर करोडगिरी, म्हणजे जकात, वेगळी. एवढी गुंतागुंत स्मरणशक्तीवर पेलणे शक्य नव्हते; लिहून ठेवावीच लागे. लिहायला चांगला कागद फार लांबचा नव्हता: लासूरहून तेव्हाच्या औरंगाबादकडे जाताना लागणाऱ्या दौलताबादजवळ कागजीपुरा आहे, आणि तिथे शतकानुशतके हातकागद तयार होत आला.

शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या आडतीच्या हिशेबाची जुनी घडी नीट पाहण्याजोगी आहे. दिवसाचा व्यवहार प्रथम रोजमेळात चढे. तिथून नावाप्रमाणे खतावणीत जाई. शेतकऱ्याला पट्टी मिळे, तीत मालाचे वजन, भाव आणि हमाली-तोलाईची वजावट असे, आणि तिची स्थळप्रत दुकानात राही. एकच रक्कम अशी तीन-चार ठिकाणी नोंदली जाई. चोपडीला वाळवी लागो, माळ्यावरच्या दप्तरात ओल शिरो, रोजमेळावरून खतावणी पुन्हा उभी करता येई. शेतकऱ्याच्या घरची पट्टी हा पुरावा तर दुकानाच्या छपराबाहेरच असे. आज ज्याला बॅकअप म्हणतात, त्याचे मूळ तत्त्व या पद्धतीत पूर्ण होते, आणि याचे श्रेय आडतीवरच्या मुनीमांना द्यायला हवे.

संगणकाने ही घडी मोडली. 1983मध्ये आयबीएमच्या एक्सटी यंत्रात 10 मेगाबाइटची हार्ड डिस्क आली; 1986मध्ये बंगळूरमध्ये पुढे ‘टॅली’ म्हणून ओळखली जाणारी, हिशेबाच्या सॉफ्टवेअरची कंपनी सुरू झाली. हळूहळू बाजारगावांतही हिशेब पडद्यावर आले. एकदा नोंद केली की रोजमेळ, खतावणी, ताळेबंद सारे आपोआप तयार होई. सोय मोठी होती. पण सगळ्या वह्या आता एकाच तबकडीवर होत्या. ती बिघडली की रोजमेळही गेला आणि खतावणीही. नक्कल ठेवायची तर साडेतीन इंची फ्लॉपी, जिच्यात 1.44 मेगाबाइट मावत आणि पावसाळ्यात जिला बुरशी लागे.

हार्ड डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेतात, आणि वाचणारे टोक त्यांच्यावर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगते. धक्का लागला तर टोक तबकडीला घासते. लिहिता लिहिता वीज गेली तर नोंद अर्धी राहते. मराठवाड्यात 2000 नंतरच्या दशकात भारनियमन दिवसातले कित्येक तास चाले. त्यामुळे संगणकाबरोबर यूपीएस घेणे भाग होते. घरगुती इन्व्हर्टर त्या कामाला पुरत नसे: वीज गेल्यावर तो सुरू व्हायला लागणाऱ्या क्षणभरात संगणक बंद पडू शकतो. आडतीत भर होती ती कांद्याच्या पापुद्र्यांची आणि कापसाच्या तंतूंची. ते पंख्यात अडकले की संगणकाचा डबा तापतो, आणि उष्णता डिस्कचे आयुष्य खाते. वेग आणि पडद्याचा आकार पाहून यंत्र निवडणाऱ्याने या गोष्टी पाहिल्या नाहीत, तर त्याची किंमत हिशेबाला मोजावी लागे.

2011च्या थायलंडमधील महापुराने तिथले कारखाने बुडाले आणि हार्ड डिस्क जगभर महागल्या. पुढच्या वर्षांत हार्ड डिस्कची जागा घेणारी एसएसडी स्वस्त होत गेली. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी मांडलेल्या फ्लॅश स्मृतीवर ती चालते. तिच्यात फिरणारा भाग नाही, म्हणून धक्का सोसते आणि कामही झपाट्याने करते. मात्र तिला अमर समजणे चूक ठरेल. लिहिण्याची मर्यादा ठरलेली असते, आणि बिघडण्याआधी कुरकुर करून इशारा देणे हा जुन्या डिस्कचा गुण तिच्यात नाही. पुसलेली माहिती परत मिळवणेही बहुधा अवघड जाते. वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवायलाही ती योग्य नव्हे.

1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला आणि हिशेबांच्या जपणुकीला कायद्याचे आणखी बळ आले. नोंदणीकृत व्यापाऱ्याने वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने हिशेब जपायचे, आणि ते संगणकावर असतील तर त्यांची नक्कलही ठेवायची. त्यामुळे नवे यंत्र घेताना रोजच्या कामाला एसएसडी, नकलेला वेगळी बाह्य हार्ड डिस्क आणि संगणकाला यूपीएस हा संच आडतीला सर्वांत योग्य ठरतो. नकलेची डिस्क रोज संध्याकाळी जोडावी, काम झाले की काढून दुकानाबाहेर, घरी न्यावी. सतत जोडलेली राहिली तर संगणकी विषाणू मूळ आणि नक्कल दोन्ही एकदम बाधित करू शकतो. 31 मार्चला वर्ष बंद झाले की त्या वर्षाची प्रत स्वतंत्र काढून, उघडून पाहून, वेगळी ठेवावी.