दहा मिनिटांची कवायत

शाळेच्या वेळापत्रकाकडे इतिहासाचे साधन म्हणून आपण सहसा पाहत नाही. परंतु वेळापत्रक हे शाळेच्या जमाखर्चाचे पान होय. मुलाचा दिवस कोणत्या खाती पडला, ते तेथे स्पष्ट दिसते.

ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे शिक्षण परिषद भरली आणि तिने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योग शिक्षणाची योजना आखली. त्या योजनेतील साडेपाच तासांच्या दिवसात मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे होती, मातृभाषेला ४० मिनिटे, आणि शारीरिक शिक्षणाला अवघी १० मिनिटे!

वरवर पाहणाऱ्यास ही शरीराची उपेक्षाच वाटेल. वस्तुतः शेतीत, बागेत, सुतारकामात हातपाय चालवीतच मुलाने गणित व विज्ञान शिकावे, अशी ती कल्पना होती. चार फुटांची एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी, हा हिशेब सूत मोजता मोजताच व्हावयाचा. आणि हे करवून घेणारा कवायतीचा मास्तर नव्हे, वर्गाचाच शिक्षक. कवायत दहा मिनिटांवर आली ती यामुळे.

तथापि दोन शंका उरतातच. मुलांच्या उत्पादनातून शिक्षकाचे वेतन निघावे, ही अपेक्षा मुलाला मजूर करण्याच्या काठावर नेऊन ठेवते. शिवाय टकळी फिरविणाऱ्या मुलाचे हात चालतात, पण पाय बसलेलेच राहतात. खेळ कोठे गेला?

त्याचे उत्तर बालशिक्षणाच्या चळवळीने दिले. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. पुढे ते डहाणू तालुक्यातील कोसबाडला गेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. तेथील आदिवासी मुले गुरांमागे रानात जात. शाळेत यावयास त्यांना सवड नव्हती. तेव्हा शाळाच रानात गेली. तिला नाव मिळाले कुरणशाळा. मुलाची धावपळ थांबवून शिकवावयाचे नाही, तिच्या सोबतीने शिकवावयाचे, हा तिचा धडा.

तो आजही लागू आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने क्रीडांगण व खेळाचे साहित्य आवश्यक ठरविले; परंतु शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ निदेशक सहावी ते आठवीसाठी, तोही पट शंभरावर असेल तरच. लहान वर्गांचा भार वर्गशिक्षकावरच आहे. त्याने पाढा पावलांच्या तालावर म्हणवून घ्यावा, अंगणाची लांबी मुलांकडून दोरीने मोजवावी, जिल्ह्याचा नकाशा चुन्याने आखून त्यावरून मुलांना गावोगाव चालवावे. याला अनुदान लागत नाही. मूल स्वस्थ बसले म्हणजेच शिकले, ही समजूत मात्र सोडावी लागते.