मुरुडमध्ये सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा घड्याळात १२ का वाजलेले नसतात?

मुरुडच्या किनाऱ्यावर वाळूत एक काठी सरळ रोवा आणि तिच्या सावलीकडे लक्ष ठेवा. सावली सर्वांत आखूड होते, ती तिथली खरी मध्यान्ह. पण तेव्हा मोबाइल बघितला, तर त्यात साधारण १२ वाजून ३८ मिनिटं झालेली दिसतील. मग चुकतंय कोण, सूर्य की मोबाइल? खरं तर कोणीच नाही.

ही ३८ मिनिटं आली कुठून?

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. मुरुड आहे ७३ अंशांच्या आसपास, म्हणजे साडेनऊ अंश पश्चिमेला. साडेनऊ गुणिले चार, झाली ३८ मिनिटं.

हा आकडा वर्षाची सरासरी आहे. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि तिची कक्षाही पूर्ण गोल नाही. त्यामुळे मुरुडची मध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.२२ च्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२.५२ च्या सुमारास होते.

मग सगळ्यांना एकच वेळ का?

पूर्वी प्रत्येक गावाचे १२ वेगळे असायचे. रेल्वे आणि तारयंत्र आल्यावर हे चालेना. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिचची रेषा शून्य मानायचं ठरलं. १ जानेवारी १९०६ पासून भारतात ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ सुरू झाली.

मुंबईला मात्र ती पटली नाही. तिथली स्थानिक वेळ ३९ मिनिटं मागे होती. सरकारने वेळ लादल्याची भावना झाली, गिरणी कामगारांनी निषेध केला आणि शहरात ‘मुंबई टाइम’ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकून राहिला.

वाद आजही संपलेला नाही. देशाच्या पश्चिम आणि पूर्व टोकांच्या सूर्योदयात जवळपास दोन तासांचा फरक पडतो. म्हणून ईशान्येसाठी वेगळ्या वेळेची मागणी होते. आसामच्या चहामळ्यांत तर घड्याळ एक तास पुढे ठेवण्याची जुनी पद्धत आहे.

समुद्राचं घड्याळ वेगळंच

मुरुडच्या कोळ्यांना होडी कधी काढायची हे ठरवताना नुसतं घड्याळ पुरत नाही. भरती-ओहोटी मुख्यतः चंद्रामुळे होते आणि चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. म्हणून आज १० वाजता भरती असेल, तर उद्या ती पावणेअकरा-अकराला येते. दिवसात दोन भरत्या, त्यांच्यात सुमारे साडेबारा तासांचं अंतर.

यासाठी कोकणात एक सोपा हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. पौर्णिमा-अमावास्येला ती बाराच्या आसपास येते आणि तेव्हाच उधाण असतं. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होऊ शकतो. त्यामुळे पाण्यात उतरण्याआधी किंवा राजपुरीहून जंजिऱ्याला निघण्याआधी स्थानिकांना विचारलेलंच बरं.

थोडक्यात, घड्याळातले १२ हा माणसांनी सोयीसाठी केलेला करार आहे. एसटी त्यावर सुटते, शाळा त्यावर भरते. पण तो करार ना सूर्याने केलाय, ना समुद्राने.