स्टोव्हचा भडका: माळ्यावरच्या प्रायमसची गोष्ट

सुरुवातीला जो फर्रर्र आवाज ऐकलात, तो बुलेटचा नाही. तो आमच्या आजीच्या पितळी स्टोव्हचा आहे. कित्येक वर्षं माळ्यावर पडून होता, गेल्या रविवारी पेटला.

अशा स्टोव्हला आपल्याकडे सरसकट 'प्रायमस' म्हणायचे. हे खरं तर एका स्वीडिश ब्रँडचं नाव. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या कारागिराने १८९२ मध्ये काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह बनवला, तो हा. आयडिया अशी, की रॉकेल वातीवर जाळायचं नाही, आधी त्याची वाफ करायची. पंप मारला की टाकीत हवेचा दाब वाढतो. त्या दाबाने रॉकेल वर चढतं, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि ती निपलच्या बारीक भोकातून जोरात बाहेर पडते. मग मिळते धूर नसलेली निळी ज्योत. फक्त बर्नर आधी तापवावा लागतो, स्पिरिटने किंवा काकड्याने.

लहानसा, वाहून न्यायला सोपा आणि बर्फातही पेटणारा. म्हणून १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचलेल्या अमुंडसेन यांच्या सामानात प्रायमस होता. २९ मे १९५३ च्या पहाटे, एव्हरेस्टच्या शेवटच्या कॅम्पवर हिलरी यांचे बूट गोठून कडक झाले होते. ते त्यांनी अशाच स्टोव्हवर ऊब देऊन मऊ केले आणि मग तेनसिंग यांच्यासोबत शिखराकडे निघाले.

आणि हेच यंत्र पुण्याच्या वाड्यांमध्ये, दोन खोल्यांच्या संसारात चहा उकळत होतं. गॅससाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, तोवर रेशनचं रॉकेल आणि स्टोव्ह. धुराच्या चुलीपुढे ही केवढी सोय होती, हे आजीला विचारा.

आता दुरुस्ती. जुन्या बाजारात, म्हणजे मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो तिथे, पिना आणि चामडी वायसर मिळाला. पंपाचा वायसर वाळून आक्रसला होता, म्हणून हवा भरतच नव्हती. नवा वायसर तेलात भिजवून बसवला. झाकणाखालचं रबर बदललं. टाकी चिंच-मिठाने घासली. मग रॉकेल न भरता नुसती हवा भरली आणि टाकी बादलीत बुडवली. बुडबुडे आले असते तर काम तिथेच थांबवलं असतं. शेवटी निपलमध्ये पिन. ते भोक चोंदलं की सगळा खेळ बिघडतो.

पेटवला तो अंगणात, आणि पहिल्यांदा चुकलोच. बर्नर पुरता तापायच्या आधी पंप मारला. वाफेऐवजी रॉकेलच उडालं आणि हातभर उंच पिवळा जाळ झाला. झाकणावरचा स्क्रू सैल करून हवा सोडली, जाळ बसला. मी हसायला लागलो. आजी हसली नाही.

"याला भडका म्हणतात," ती म्हणाली.

मंडळी, हा शब्द आपल्या पिढीने फारसा ऐकलेला नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात तो पेपरात सारखा यायचा: 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू'. काही अपघात खरेच होते. गळकी टाकी, पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतणं, अंगावर नायलॉनची साडी. पण एकच स्टोव्ह सासू वापरते, नणंद वापरते, मग भडका नव्या सुनेवरच का उडतो? हा प्रश्न स्त्री संघटनांनी विचारला. पुण्यात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभा केला. 'मी एक मंजुश्री' या त्यांच्या प्रदर्शनाने घरातल्या हिंसेचा विषय चारचौघांत आणला. देशभरातल्या अशा दबावातून कायदे बदलले. १९८३ मध्ये विवाहितेच्या छळाविरुद्धचं कलम ४९८-अ आलं, तर १९८६ मध्ये हुंडाबळीचं कलम ३०४-ब. त्यानुसार लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाई भाजून किंवा संशयास्पद रीतीने गेली आणि त्याआधी हुंड्यासाठी तिचा छळ झाल्याचं दिसलं, तर 'अपघात होता' एवढं म्हणून सुटता येईना.

स्टोव्ह स्वतः खोलून बसवल्यावर मला एक कळलं. तो का भडकतो याला कारण असतं, आणि ते शोधता येतं. वायसर, रबर, निपल, पंप. तेव्हा कितीतरी घरांत ते कारण कुणी शोधलंच नाही. दोष स्टोव्हवर टाकला आणि विषय संपवला.

दुसऱ्यांदा मी बर्नर नीट तापू दिला. निळी ज्योत आली, फर्रर्र सुरू झालं. आजीने त्यावर चहा ठेवला आणि वाड्यातल्या एका सुनेचं नाव घेतलं, जे मी घरात आधी कधीच ऐकलं नव्हतं.

तुमच्याही माळ्यावर असा स्टोव्ह असेल, तर चिंचेने घासा. पण पेटवायच्या आधी घरातल्या मोठ्या बाईला शेजारी बसवा आणि तिला बोलू द्या. भेटू पुढच्या भागात.