चौथ्या दिवसापर्यंत

ऑक्टोबर १९७८. न्यूयॉर्क राज्यात, सेनेका तळ्याकाठच्या एका छोट्या गावातला जनावरांचा दवाखाना. बाहेर मेपलची झाडं लाल झाली आहेत, पण तुमचं तिकडे लक्ष नाही. तुमच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं दहा आठवड्यांचं डॉबरमनचं पिल्लू आहे. परवापर्यंत ते तुमच्या बुटांच्या नाड्या ओढत होतं. काल सकाळी त्यानं खाणं नुसतं हुंगलं आणि तोंड फिरवलं. दुपारी पिवळ्या फेसाच्या उलट्या झाल्या, रात्री जुलाब, आणि पहाटे त्या जुलाबांत रक्त दिसलं. त्या रक्ताला एक गोडसर, कुजका वास आहे. बाकावर बसल्या बसल्या तुमच्या ध्यानात येतं की तो वास फक्त तुमच्या टॉवेलाचा नाही. तुम्ही यायच्या आधीपासून तो या खोलीत आहे.

डॉक्टर पिल्लाच्या मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडतात. ती खाली बसत नाही, तंबूसारखी उभीच राहते. अंगातलं पाणी संपत चाललं आहे. हिरड्या पांढऱ्या पडल्या आहेत, ताप १०४ च्या वर आहे. डॉक्टर रक्ताचा थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी मोजतात, मग थांबून पुन्हा मोजतात. एका मायक्रोलिटरमध्ये निदान सहा हजार असायला हव्यात. हजारही भरत नाहीत.

"विषबाधा म्हणावी, तर इतक्या घरांत एकदम कशी?" ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणतात. "डिस्टेंपर म्हणावा, तर त्याची लस घेतलेली मोठी कुत्रीसुद्धा येताहेत."

तुम्हाला नाव माहीत आहे. तुम्ही ज्या काळातून आला आहात, तिथे कुत्रं पाळणाऱ्या घरांत ते आवाज खाली करून घेतलं जातं. पार्वो. इथे, या दवाखान्यात, त्या आजाराला अजून नावच नाही. टेलिफोन वाजत राहतो आणि पलीकडून कुणीतरी हीच लक्षणं सांगत राहतं.

शरीरात जिथे पेशी भराभर नव्या तयार होतात, तिथे हा विषाणू घुसतो. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नव्यानं उगवत असतं. ते उगवणाऱ्या मूळ पेशीच तो मारतो. अस्तर झडलं की आतड्यातले जंतू थेट रक्तात शिरतात. त्याच वेळी विषाणू हाडांच्या मगजातही पोचलेला असतो, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार होणंही थांबतं. एकीकडून दार मोडलेलं आणि दुसरीकडून पहारा उठलेला, अशा अवस्थेत ते एवढंसं अंग पडून असतं. अगदी कोवळ्या पिल्लांत हा विषाणू हृदयाच्या स्नायूवरही जातो. या हंगामात काही घरांत आईचं दूध पिता पिता पिल्लं अचानक कोसळून मेली आहेत, आणि लोकांना वाटलं आहे की आईनं चिरडली.

विषाणूला मारणारं औषध डॉक्टरांच्या कपाटात नाही. ते पुढच्या पायाचे केस कापतात, शीर शोधतात, ती बसलेली असल्यामुळे पुन्हा शोधतात, आणि सुई लावतात. रिंगर लॅक्टेटची बाटली खुंटीला टांगतात. मनगटावरच्या घड्याळात बघून थेंब मोजतात. प्रतिजैविकाचं इंजेक्शन देतात. तोंडानं काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. पिल्लू पिंजऱ्यातल्या रिकाम्या भांड्यावर हनुवटी ठेवून पडतं. रुमालाच्या टोकानं ओठ ओले करायची तेवढी मुभा तुम्हाला मिळते. "चाट रे बाळा," असं तुमच्या तोंडून मराठीतच निघतं.

पुढे, २००३ साली एका अभ्यासातून दिसणार आहे की अशा पिल्लांना उपाशी ठेवण्याऐवजी नाकातून घातलेल्या नळीनं लवकर थोडं थोडं अन्न दिलं तर ती लवकर सावरतात. या डॉक्टरांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. आतड्याला विश्रांती द्यावी, हेच त्या पिढीला शिकवलेलं होतं, आणि त्यांनी तुमच्या पिल्लाजवळ रात्री जागून ते पाळलं.

तिसऱ्या रात्री पिल्लू जातं. डॉक्टर सुई काढतात, पाय पुसतात. मग जरा घुटमळून विचारतात, "आतड्याचा एक तुकडा आणि थोडं रक्त इथाकाला पाठवू का? तिथे कॉर्नेल विद्यापीठात कुत्र्यांच्या विषाणूंवर काम करणारी माणसं आहेत. कदाचित काही कळेल." असा प्रश्न ज्याला विचारला जातो त्याला त्या क्षणी 'कळून आता काय उपयोग' एवढंच सुचतं. तुम्ही तरीही मान हलवता.

तुमच्या पिल्लाचा नमुना बर्फात दक्षिणेकडे निघतो. तुम्हीही त्याच्याबरोबर जा.

कॉर्नेलची बेकर संस्था. लिलंड कारमायकल आणि मॅक्स ॲपल इथे काम करतात. मांजरांच्या विषाणूंचे जाणकार फ्रेड स्कॉटही त्यांच्याबरोबर आहेत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एका मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढे गोल कण दिसतात. हा विषाणू मांजरांच्या पॅनल्यूकोपेनिया या रोगाच्या विषाणूचा अगदी जवळचा भाऊबंद निघतो. डुकराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी तो एकमेकींना चिकटवतो, म्हणून थंड ठेवलेल्या काचेच्या खळग्यांत डुकराचं रक्त आणि आजारी पिल्लाची विष्ठा मिसळून तो आहे की नाही हे सांगता येऊ लागतं. फ्रीजमध्ये ठेवलेले जुन्या रक्ताचे नमुने जगभर तपासले जातात. अमेरिकेत १९७८ च्या आधीच्या कुत्र्यांत या विषाणूची खूण सापडत नाही, युरोपात मात्र त्याच्या दोन-चार वर्षं आधीच्या नमुन्यांत ती सापडते. बहुतेक कुत्र्यांच्या शरीराला त्याची ओळख नव्हती. बुटांच्या तळव्यांना आणि पिंजऱ्यांच्या गजांना चिकटून तो वर्ष-दोन वर्षांत जगभर गेला.

या विषाणूवर लस नाही, पण त्याच्या भाऊबंदावर आहे. म्हणून पशुवैद्य कुत्र्यांना मांजरांची लस टोचू लागतात. तिचं संरक्षण थोडे दिवस टिकतं, तरी लोक रांगा लावतात. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कारमायकल यांच्या प्रयोगशाळेतून कुत्र्यांच्या विषाणूचीच दुबळी केलेली जिवंत लस तयार होते. तीन-चार वर्षांच्या आत! सेनेका तळ्याकाठच्या पिंजऱ्यातल्या पिल्लासारख्या कितीतरी पिल्लांचे तुकडे त्या कामात आहेत, आणि त्यांच्या माणसांनी हलवलेल्या माना आहेत. त्या माणसांची नावं कुठे नोंदलेली नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आता परत या. पुण्यातला एक दवाखाना. पिंजऱ्यात तुमचं स्वतःचं पिल्लू आहे, देशी, अकरा आठवड्यांचं, एका कानाला पांढरा ठिपका. वास तोच आहे. पण इथे पट्टीवर दहा मिनिटांत दोन रेघा उमटल्या आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं.

"पण पहिला डोस दिला होता हो मॅडम," तुम्ही म्हणता.

आईच्या चिकाच्या दुधातून पिल्लाला प्रतिद्रव्यं मिळतात. ती अंगात असेपर्यंत लस रुजू देत नाहीत. आणि ती ओसरता ओसरता एक काळ असा येतो, की खऱ्या विषाणूला अडवायला ती पुरत नाहीत, पण लसीला अडवायला पुरतात. हा काळ प्रत्येक पिल्लात वेगळ्या आठवड्यात येतो. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. तुमचं पिल्लू नेमकं त्या फटीत सापडलं.

उलट्या थांबवणारी औषधं आता चांगली आहेत. थेंब पंप मोजतो. नाकातल्या नळीतून दर काही तासांनी पातळ अन्न जातं. अमेरिकेत २०२३ साली या विषाणूलाच धरणाऱ्या प्रतिद्रव्याच्या इंजेक्शनलाही सशर्त परवानगी मिळाली. तरी मुख्य काम ऑक्टोबर १९७८ मधलंच आहे. पिल्लाच्या अंगात पाणी राखायचं, जंतू आवरायचे, आणि आतड्याचं अस्तर पुन्हा उगवेपर्यंत त्याला तगवून धरायचं. वेळेत दवाखान्यात दाखल झालेल्या दहा पिल्लांतली आठ-नऊ आता वाचतात. उगवायचं काम मात्र पिल्लालाच करावं लागतं.

खर्चाचं विचारायला तुम्ही लाजता. लाजू नका. रोजचा अंदाज रोज विचारा, उद्यापर्यंत काय दिसलं म्हणजे पुढे जायचं हे विचारा. चांगला डॉक्टर त्याचं उत्तर देतो. रोग कुठून आला, कुणाच्या चपलेबरोबर आला, हे रात्रभर उकरून काढू नका, ते सापडत नाही. घरी जाऊन वरण-भात खा. सकाळी येऊन पिंजऱ्याशी बसा, नावानं हाक मारा, आणि दुसऱ्या कुठल्याच पिल्लाला हात लावू नका.

तिसऱ्या दिवशी पांढऱ्या पेशी नऊशे. डॉक्टर काही बोलत नाहीत. चौथ्या दिवशी चौदाशे. "वर चालल्यात," त्या म्हणतात आणि पहिल्यांदा खुर्चीत बसतात. त्या रात्री उलटी होत नाही. पाचव्या दिवशी पिल्लू भाताची पेज स्वतः चाटतं आणि नळी ओढून काढायचा प्रयत्न करतं. नर्स त्याला रागावते आणि तुम्हाला तिचं रागावणं ऐकत बसावंसं वाटतं.

घरी न्यायच्या आधी फरशी साबणानं घासा, कारण मळावर ब्लीच चालत नाही. मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, आणि दहा मिनिटं ओलंच राहू द्या. फिनेलचा भरवसा धरू नका. गादी, टोपली, दोरीचं खेळणं टाकून द्या. मातीत हा विषाणू कित्येक महिने राहतो आणि पिल्लाच्या विष्ठेतून अजून दोनेक आठवडे बाहेर पडत राहील.

पार्किंगमधल्या जिन्याखाली कुत्रीनं महिन्याभरापूर्वी पिल्लं दिली आहेत. तुम्ही खाली जात नाही. तुमच्या चपला अजून धुतलेल्या नाहीत. गॅलरीतून वॉचमनकाकांना फोन लावता.

"काका, त्या पिल्लांजवळ आमच्या घरचं कुणी येणार नाही. तुम्हीही आमच्या दारावरून थेट तिकडे जाऊ नका. पंधरा दिवसांनी लस टोचायला डॉक्टर येतील, तेव्हा पिल्लं धरायला मदत लागेल. पाचच आहेत ना?"

"सहा आहेत. एक पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसतं, दिसत नाही कुणाला."

"मग सहा लसी सांगते डॉक्टरांना."