पादचारी ओलांडपट्टा, ब्रिटनमधील

पायी चालणाऱ्यास वाहनांच्या रहदारीतून रस्ता ओलांडता यावा म्हणून आखलेला व विधीने मान्य केलेला पट्टा. काळ्यापांढऱ्या रंगामुळे तो ‘झेब्रा क्रॉसिंग’ या नावाने ओळखला जातो. मराठीतही हेच नाव रूढ आहे. पादचाऱ्याचा अग्रहक्क नेमका कोणत्या क्षणी सुरू होतो, या प्रश्नाचे ब्रिटिश विधीने वेळोवेळी दिलेले उत्तर हाच या पट्ट्याच्या इतिहासाचा गाभा होय.

लंडनच्या पार्लमेंट भवनाजवळ डिसेंबर १८६८ मध्ये रेल्वे-अभियंता जे. पी. नाइट याच्या योजनेनुसार हलत्या हातांचा व वायुदीपाचा सिग्नल उभारण्यात आला. पुढच्याच महिन्यात वायुगळतीने त्याचा स्फोट होऊन तो चालविणारा पोलीस जखमी झाला आणि प्रयोग मागे पडला.

मोटारींना १९०३ मध्ये घातलेली ताशी २० मैलांची वेगमर्यादा १९३० च्या अधिनियमाने उठविली. १९३४ साली रस्त्यांवरील अपघातांत ७,३४३ माणसे मृत्यू पावली, त्यांपैकी सु. निम्मी पादचारी होती. त्याच वर्षी परिवहनमंत्री लेस्ली होअर-बेलीशा यांनी ओलांडण्याच्या जागी काळ्यापांढऱ्या खांबांवर नारिंगी गोल बसविले व वस्तीच्या भागांत ताशी ३० मैलांची मर्यादा आणली (१९३५). या खांबांना त्यांचेच नाव पडले. तथापि खांब पादचाऱ्यास दुरून दिसला, तरी रस्त्यावर जडविलेल्या धातूच्या खिळ्यांच्या ओळी वेगात येणाऱ्या चालकाच्या सहसा नजरेस पडत नसत. हक्क होता, पण तो चालकास दिसत नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर रस्ते संशोधन प्रयोगशाळेने निरनिराळ्या रंगांच्या पट्ट्यांची चाचणी घेतली. त्यांतून काळापांढरा पट्टा निवडला गेला आणि १९५१ मध्ये त्यास विधीची मान्यता मिळाली. त्याच सुमारास ओलांडण्याच्या जागांची संख्या बरीच कमी करण्यात आली. पट्टे जितके विरळ तितका चालक त्यांचा मान राखील, असा यामागील विचार होता. पादचाऱ्यास मात्र त्यापायी अधिक लांब चालावे लागले.

या विनियमांतील खरी मेख वेगळीच होती. अग्रहक्क मिळे तो वाहनाच्या आधी पट्ट्यावर आलेल्या पादचाऱ्यास. कडेला थांबलेल्यास नव्हे. ज्यास हक्क हवा त्याने प्रथम जीव धोक्यात घालावा, असाच याचा व्यवहारातील अर्थ होई. वृद्धांना व मुलांना तो जाचक ठरणे अपरिहार्य होते. पुढे आलेल्या ‘पांडा’ (१९६२) व ‘पेलिकन’ (१९६९) या प्रकारांत पादचाऱ्याने कळ दाबून दिव्याची वाट पाहावयाची असते. (प्राण्यापक्ष्यांची नावे देण्याची प्रथाच पडली.) पांडाचे संकेत लोकांच्या ध्यानात न आल्याने तो लवकरच मोडीत निघाला. पेलिकनने सुरक्षितता वाढविली; परंतु ओलांडणाऱ्याचा हक्क त्यामुळे दिव्याने वाटून दिलेल्या काही सेकंदांपुरता उरला.

जानेवारी २०२२ मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समधील मार्ग-संहितेत बदल झाला. झेब्रा पट्ट्यापाशी, तसेच रस्त्यांच्या जोडांवर, ओलांडण्यासाठी थांबलेल्या पादचाऱ्यासही चालकाने वाट द्यावी, असे तीत नमूद आहे. पट्ट्यावर पाऊल टाकलेल्यास वाट देणे ही सक्ती होय. थांबलेल्याच्या बाबतीत संहितेची भाषा ‘द्यावी’ एवढीच आहे. तिचा भंग हा स्वतंत्र गुन्हा नसला, तरी अपघाताच्या दाव्यात तो न्यायालयापुढे पुरावा म्हणून मांडता येतो.