पुलिकत : ताशी बारा किलोमीटरच्या वेगाने चारशे वर्षं

आजचा एपिसोड जरा स्लो आहे, आणि ते मुद्दाम आहे. आज आपण सायकलवर आहोत. रेस नाही, स्ट्रावावर कुणाला हरवायचं नाही. ताशी दहा-बारा किलोमीटर, मध्ये चहा, मध्ये सावली. आणि जायचंय पुलिकतला.

पुलिकत म्हटलं की बहुतेकांना शाळेतला भूगोल आठवतो. चिल्का पहिलं, पुलिकत दुसरं. भारतातलं दुसऱ्या नंबरचं मोठं खाऱ्या पाण्याचं सरोवर, दोन मार्क, विषय संपला. पुस्तकात याला ‘खाजण’ म्हणायचे. म्हणजे समुद्र आणि जमीन यांच्यामध्ये वाळूच्या पट्टीने अडवलेलं उथळ पाणी, ज्याला आपण लगून म्हणतो. या लगूनचा मोठा भाग आंध्र प्रदेशात आहे आणि दक्षिणेचं टोक तमिळनाडूत. त्या टोकाला, समुद्राच्या तोंडाशी पुलिकत गाव आहे. तमिळमध्ये पळवेर्काडू. चेन्नईपासून रस्त्याने साधारण साठ किलोमीटर.

आता प्रश्न असा की, आज एक कोटीच्या आसपास वस्तीचं चेन्नई जिथे आहे तिथेच का आहे? उत्तराचा रस्ता या छोट्या गावातून जातो. चला, पॅडल मारू.

पोन्नेरी ते किल्ला

चेन्नईहून गुम्मिडिपुंडीच्या लाइनवर पोन्नेरी स्टेशन लागतं. तिथून पुलिकतचा रस्ता वीसेक किलोमीटर, आणि एकदम सपाट. आपल्याकडे सायकल म्हणजे आधी घाट आठवतो. इथे गिअर बदलायची गरजही फारशी पडत नाही. भातखाचरं, ताडाची झाडं, तळी. फक्त एक टीप : सकाळी लवकर निघा. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि तो सरळ तोंडावर येतो. ऊन तर आहेच.

वारा लक्षात ठेवा, कारण या गावाचा सगळा इतिहास वाऱ्यावर चालला. शिडाची जहाजं मोसमी वाऱ्यांच्या वेळापत्रकाने यायची-जायची. लगून इतकं उथळ की सरासरी खोली जेमतेम एखादा मीटर. मोठी जहाजं बाहेर समुद्रात नांगर टाकून उभी राहायची आणि माल लहान होड्यांतून आत-बाहेर व्हायचा.

पंधराव्या-सोळाव्या शतकात पुलिकत हे विजयनगर साम्राज्याचं पूर्व किनाऱ्यावरचं महत्त्वाचं बंदर होतं. इथून कापड मलाक्काकडे जायचं. पोर्तुगीज आले आणि त्यांनी इथे वस्ती केली. मग १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली आणि काही वर्षांतच डच या किनाऱ्यावर उतरले. १६१० मध्ये विजयनगरच्या दुसऱ्या वेंकटाने त्यांना पुलिकतला व्यापाराची परवानगी दिली. १६१२ मध्ये पोर्तुगीजांनी हल्ला करून डचांची वखार उद्ध्वस्त केली. तेव्हा डचांनी १६१३ मध्ये सरळ किल्लाच बांधला. नाव ठेवलं गेल्ड्रिया. तिथला डच प्रमुख वेमर फान बेरखेम नेदरलँड्सच्या गेल्डरलँड प्रांतातला, म्हणून हे नाव.

हा किल्ला बघायला म्हणून गेलात तर बुरूज, दरवाजा, तोफा असलं काही शोधू नका. रायगड, सिंधुदुर्ग डोक्यात ठेवून गेलं तर निराशाच होईल. झाडोरा, मातीचे उंचवटे आणि भोवतीच्या खंदकाचं पाणी, एवढंच उरलंय. सायकल शांतपणे त्या खंदकाच्या कडेने फिरवली की किल्ल्याचा आकार मात्र कळतो. गाडीत बसून गेलात तर ‘कुठे आहे किल्ला?’ म्हणत पुढे निघून जाल.

कापड हेच चलन

डचांना एवढी काय घाई होती इथे किल्ला बांधायची? त्यांना खरं तर मसाले हवे होते. लवंग, जायफळ, मिरी. ते मिळायचे आजच्या इंडोनेशियातल्या बेटांवर. पण तिथल्या लोकांना युरोपातल्या मालात रस नव्हता. त्यांना हवं होतं कोरोमंडल किनाऱ्याचं कापड : पक्क्या रंगाचं, चौकटीचं, हाताने रंगवलेलं. म्हणजे मसाले हवे असतील तर आधी कापड हवं. आमच्या भाषेत सांगायचं तर मसाल्याचा धंदा कोरोमंडलच्या कापडावर ‘डिपेंडंट’ होता. हेंड्रिक ब्राउवर नावाच्या डच अधिकाऱ्याने १६१२ मध्येच कंपनीला कळवलं होतं की हा किनारा म्हणजे मोलुक्का बेटांचा डावा हात आहे, आणि कापडाशिवाय तिथला व्यापार मेलेलाच समजा.

हे कापड विणणारे कोण? आतल्या गावांतले विणकर. व्यापारी त्यांना आगाऊ रक्कम द्यायचे, कापड ठरलेल्या नमुन्याप्रमाणे हवं असायचं. लांबी, रुंदी, रंग, चौकट, सगळं आधी ठरलेलं. कोणत्या बेटावर कोणती चौकट चालते याची माहिती हजारो किलोमीटरवरून पुलिकतला यायची आणि इथल्या मागावर उतरायची.

याची खूण आजही भाषेत शिल्लक आहे. मलेशियात पुरुष जी चौकटीची लुंगी नेसतात तिला मलय भाषेत ‘काइन पेलिकात’ म्हणतात. काइन म्हणजे कापड. आणि पेलिकात म्हणजे आपलं हेच पुलिकत! गाव जगाच्या नकाशावरून जवळजवळ पुसलं गेलं, पण लाखो लोकांच्या कमरेला त्याचं नाव अजून आहे. पैठण आणि पैठणीची आठवण झाली ना? फरक एवढाच की पैठणी कुठली हे आपल्याला माहीत असतं.

इंग्रज इथून निघाले आणि...

आता चेन्नईचं उत्तर. १६१९ च्या एका करारामुळे इंग्रजांनाही पुलिकतमध्ये डचांबरोबर व्यापार करता येणार होता. १६२१ मध्ये इंग्रज आले. किल्ला डचांचा, हुकूम डचांचा आणि खर्चात मात्र इंग्रजांचाही वाटा. भाड्याच्या फ्लॅटमध्ये असा रूममेट मिळालेल्यांना हे लगेच कळेल. दोनेक वर्षांत इंग्रज बाहेर पडले. १६२६ मध्ये त्यांनी याच लगूनच्या उत्तरेकडे आर्मगाव, म्हणजे आजच्या दुगराजपट्टणमला वखार घातली. तिथे चांगलं कापड पुरेसं मिळेना. मग नवी जागा शोधत फ्रान्सिस डे दक्षिणेला गेला आणि १६३९ मध्ये मद्रासपट्टणमची जागा मिळवली. तिथे सेंट जॉर्ज किल्ला उभा राहिला आणि त्याभोवती मद्रास, म्हणजे आजचं चेन्नई.

पुलिकतमध्ये इंग्रजांचं बरं चाललं असतं तर कदाचित आज आयटीची नोकरी करणारी आमच्यासारखी मंडळी पुलिकतच्या ट्रॅफिकमध्ये अडकली असती!

डचांचं मुख्य ठाणं १६९० पर्यंत पुलिकतच राहिलं. मग ते नागपट्टणमला हललं, जे तंजावरच्या मराठ्यांच्या राज्याला लागून होतं. १७८१ मध्ये इंग्रजांनी नागपट्टणम घेतलं आणि पुलिकतला पुन्हा महत्त्व आलं. १७९५ मध्ये पुलिकतही इंग्रजांकडे गेलं. मधे काही वर्षं डचांना परत मिळालं, आणि १८२४ च्या करारानंतर, १८२५ मध्ये कायमचं ब्रिटिश झालं.

दोन सांगाडे

किल्ल्यापासून जवळच डच दफनभूमी आहे. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. दरवाजाच्या दोन बाजूंना दगडात कोरलेले दोन सांगाडे उभे आहेत. आत उंच मनोरे, घुमटाची थडगी आणि जमिनीवर मोठाल्या शिळा. त्यांवर सुंदर अक्षरात डच मजकूर, घराण्यांची चिन्हं, जन्म-मृत्यूच्या तारखा. साडेतीनशे वर्षं झाली तरी बरंच वाचता येतं. इथे जरा वेळ थांबा.

कारण इथे ज्यांची नावं आहेत ती सगळी कंपनीची माणसं. पण या बंदरातून फक्त कापड जात नव्हतं. माणसंही जात होती. डचांनी १६१९ मध्ये जावा बेटावर बटाव्हिया वसवलं, म्हणजे आजचं जकार्ता. त्या शहराला, आणि जायफळाच्या बांदा बेटांवरच्या बागांना राबणारे हात हवे होते. बांदाच्या मूळ लोकांची तर १६२१ मध्ये डचांनी कत्तल केली होती. मग गुलाम आणले गेले, आणि त्यासाठी कोरोमंडल किनारा हे एक मोठं ठिकाण होतं. दुष्काळ पडला की संख्या वाढायची. उपाशी माणसं स्वतःला विकायची, आईबाप मुलांना विकायचे. त्यांना जहाजात भरून पूर्वेकडे पाठवलं जायचं. वाटेतच कित्येक मरायचे.

इथे आपल्याशी एक खरा धागा जुळतो. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी शिवाजी महाराजांनी जिंजी घेतली. त्या मुलखातल्या व्यापाराबद्दल डचांना जो कौल दिला गेला, त्यात एक कलम गुलामांविषयी आहे. आधीच्या राजवटीत तुम्हाला इथे स्त्री-पुरुष गुलाम विकत घ्यायला आणि बाहेर न्यायला मुभा होती, पण माझ्या ताब्यातल्या मुलखात ते चालणार नाही, असा त्याचा आशय. पुलिकत तेव्हा गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीकडे होतं, त्यामुळे हा कौल इथे लागू नव्हता. पण त्याच किनाऱ्यावर, त्याच कंपनीला, त्याच काळात एका राजाने ‘नाही’ म्हटलं होतं. ‘त्या काळी सगळेच करायचे’ असं कुणी म्हणालं तर हे उदाहरण जवळ ठेवा.

थडग्यांवर नावं आहेत. जहाजात चढवलेल्यांची दफनभूमी नाही, शिळा नाही. त्यांचा हिशेब आहे तो कंपनीच्या वह्यांत, मालाच्या यादीत. मला या दफनभूमीत सगळ्यात जास्त जाणवतं ते हेच : दगड कोण परवडवू शकलं, यावर आपल्याला इतिहास किती दिसतो हे ठरतं.

गाव अजून जिवंत आहे

आता सायकल गल्लीत घ्या. आदिनारायण पेरुमाळाचं जुनं मंदिर बघा. जांभ्या दगडाचं! कोकणातल्या मंडळींना एकदम घरचं वाटेल. त्यावर रामायणातले प्रसंग अगदी छोट्या आकारात कोरलेत. एका जुन्या मशिदीत नमाजाच्या वेळेसाठी सूर्यघड्याळ आहे. इथल्या मुस्लिम बायका ताडाच्या पानांच्या रंगीत टोपल्या आणि डबे विणतात. जमलं तर एखादी घ्या, हँडलला छान अडकते.

आणि लगूनच्या काठावर मच्छिमार. इथे ‘पाडू’ नावाची जुनी पद्धत आहे. पाण्यातल्या मासेमारीच्या चांगल्या जागा ठरलेल्या, आणि तिथे कुणी कधी जाळं टाकायचं याची पाळी ठरलेली. आज तुमची, उद्या आमची. आम्ही ऑफिसात सर्व्हरवरचा लोड वाटायला ‘राउंड रॉबिन’ वापरतो, तसंच हे, फक्त कितीतरी जुनं. अर्थात ज्यांचं नाव पाळीत नाही ते बाहेर राहतात आणि त्यावरून भांडणंही होतात. पण सगळ्यांनी एकदम ओरबाडलं तर कुणालाच काही उरणार नाही, हे या लोकांना केव्हाच उमगलं होतं.

या पाण्याच्या पलीकडे, समुद्र अडवणाऱ्या लांबलचक बेटाचं नाव माहितीये? श्रीहरिकोटा. आपली रॉकेट्स जिथून उडतात तेच. १९७१ पासून. हिवाळ्यात पाण्यात फ्लेमिंगो आणि आकाशात पीएसएलव्ही, असा देखावा दुसरीकडे मिळणार नाही. उड्डाणाच्या दिवशी मच्छिमारांना मात्र समुद्रात जायला बंदी असते.

अडचणी आणखीही आहेत. लगूनचं समुद्राकडचं तोंड वाळूने बुजत राहतं. तोंड बंद झालं की भरती-ओहोटीचं पाणी आत येत नाही, खारेपणा बिघडतो, मासे-कोळंबी कमी होते. दक्षिणेला कट्टुपल्ली बंदर आहे आणि त्याच्या विस्ताराला इथल्या मच्छिमारांनी विरोध केलाय. किनाऱ्यावर बांधकाम वाढलं की वाळूची चाल बदलते आणि आपलं पाणी जातं, असं त्यांचं म्हणणं. चारशे वर्षांपूर्वी या गावाचं भवितव्य ॲमस्टरडॅममध्ये ठरत होतं. आज ते कुठे ठरणार, आणि पाडूच्या पाळीत नाव असलेल्या माणसाला त्यात बोलायला जागा मिळणार का, हा प्रश्न जुनाच आहे.

तर जाऊन या. डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत हवा बरी असते. पाण्याच्या दोन बाटल्या, पंक्चर किट, टोपी घ्या. पक्ष्यांजवळ ड्रोन उडवू नका, शिळांवर बसून सेल्फी काढू नका. आणि कुठे चौकटीची लुंगी दिसली, तर सोबतच्या मित्राला विचारा, हिचं मलय नाव कुठल्या गावावरून आलंय ते.

तुमच्या जवळपास असं एखादं विसरलेलं बंदर असेल तर नक्की कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटूच. तोवर, टायरमध्ये हवा ठेवा!