सुट्टी मोकळ्या रानातली, पण बिबट्याचे भान ठेवून

वार्षिक परीक्षा संपल्या, की शहरातील अनेक मुलांची पावले मामाच्या गावाकडे वळतात. पुणे-नाशिक मार्गावर नारायणगावला लागून असलेले वारूळवाडी (ता. जुन्नर) हे अशांपैकीच एक गाव. मात्र, बिबट्याच्या वावरामुळे मुलांना बाहेर सोडावे की नाही, हा प्रश्न जुन्नर-आंबेगावमधील पालकांना सतावतो. मुलांना दिवसभर दूरचित्रवाणी आणि मोबाईलपुढे बसविणे हे त्याचे उत्तर नव्हे. वेळ आणि सोबत यांची शिस्त पाळल्यास सुट्टी मोकळ्या हवेत घालविता येते.

परिसर हीच शाळा

नारायणगावच्या पूर्वेला खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही महाकाय दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. डोळ्यांना न दिसणाऱ्या रेडिओलहरींतून आकाश कसे 'पाहतात', हे मुलांना येथे उमजते. भेटीसाठी पूर्वपरवानगी घ्यावी. शिवनेरीवर शिवजन्मस्थानाबरोबरच खडकात खोदलेली पाण्याची टाकीही दाखवावीत. पावसाचे पाणी गडावर कसे साठविले जाई, हा धडा उन्हाळ्यातच नीट समजतो. कुकडीकाठच्या बोरी बुद्रुक येथे ज्वालामुखीच्या प्राचीन राखेचा थर आणि अश्मयुगीन हत्यारे आढळली आहेत. त्या राखेच्या वयाबद्दल संशोधकांत मतभेद आहेत. ही राख आणि हत्यारे जागची हलवू नयेत, हेही मुलांना शिकवावे.

बिबट्या गावाजवळ का?

वडज, माणिकडोह, येडगाव, डिंभे या धरणांमुळे या पट्ट्यात पाणी आले आणि ऊस वाढला. दाट उसात बिबट्याला आडोसा, पाणी तसेच कुत्री, शेळ्या असे भक्ष्य मिळते. जखमी वा पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोह येथे निवारा केंद्र आहे.

ही काळजी घ्यावी

* मैदानी खेळ सकाळी ऊन तापण्यापूर्वी आणि दुपारी चारनंतर खेळावेत. सूर्यास्तापूर्वी मुले घरी परतावीत. पहाटे व अंधार पडल्यावर त्यांना एकटे बाहेर पाठवू नये.
* लगोरी, विटीदांडू, आट्यापाट्या यांसाठी उसापासून दूर, मोकळी जागा निवडावी. सोबत मोठे माणूस असावे.
* उसाच्या कडेला मुलांनी एकट्याने बसू वा वाकू नये. त्या स्थितीत मूल लहान प्राण्यासारखे भासते.
* बिबट्या दिसल्यास पळू नये, पाठलाग वा गर्दी करू नये. मोठ्याने आवाज करीत हळूहळू मागे सरावे.
* बछडे आढळल्यास हात लावू नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.
* विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा किंवा भोपळा बांधावा. पोहता येणारी प्रौढ व्यक्ती जवळ हवीच.

भर दुपारी घरातल्या सावलीत सकाळी पाहिलेले पक्षी, झाडे आणि पावलांचे ठसे वहीत नोंदवून ठेवावेत. बिबट्याची नुसती भीती घेऊन मुले शहरात परतण्यापेक्षा, त्याच्या शेजारी कसे राहावे हे शिकून परतली, तर सुट्टी सार्थकी लागेल.